खालचा सूर

सोमवार : ऐकू न आलेलं

पेणहून रोह्याला जाणारी सकाळची गाडी. कासू गेलं की डब्यात जरा शांत होतं. माझा पुतण्या शेजारी बसलेला असतो. तो धाटावच्या एका कारखान्यात नुकताच लागलाय, मी रोह्यात एका कचेरीत आहे. संध्याकाळी तो बास गिटार शिकतो. आमच्याकडच्या हळदींना वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीत त्याला घ्यायचं ठरलंय, येत्या रविवारी पहिला कार्यक्रम. आज त्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि म्हणाला, "काका, गाणं ऐकू नका. त्याच्या खालचं ऐका."

गाणं राहुलदेव बर्मन यांचं होतं. तीस वर्षं ऐकतोय. शब्द पाठ, मधले तुकडे पाठ. तरी पहिली दोन कडवी मला 'खालचं' काही सापडेना. मग मी मनातल्या मनात एकेक आवाज बाजूला करत गेलो. आधी गाणाऱ्याचा, मग व्हायोलिनचा, मग तबल्याचा. आणि मग तो सापडला. जाड तारांवर सावकाश चाललेला, कुठे घाई नाही, कुठे मिरवणं नाही. एकदा सापडल्यावर सुटेचना. नागोठणं येईपर्यंत मी दुसरं काही ऐकलंच नाही.

बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बास गिटार वाजवत. गाणी घराघरांत पोचली, हे नाव थोड्यांपर्यंतच पोचलं. बास गिटारला बहुधा चारच तारा असतात. साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा त्या बरोबर एक सप्तक खाली लावतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर हा सूर जवळपास विरून जातो. म्हणूनच कदाचित मला तो इतकी वर्षं भेटला नव्हता. पण तो काढून घेतला तर वरचं सगळं गाणं अधांतरी लोंबकळत राहील.

घरातही असा खालचा सूर असतो. रात्री सगळे निजले की कुणीतरी दुधाला विरजण लावतं. कुणीतरी गॅसची कळ पुन्हा एकदा चाचपून बघतं. नळाला पाणी कधी येणार, हे कुणाच्या तरी डोक्यात असतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण ते रोज बरोबर सुरात असतं. आज असा एक सूर हेरू या. आणि संध्याकाळी त्या माणसाला एवढंच सांगू या की, मला ऐकू आलं.

मंगळवार : जवळजवळ

काल रात्री जेवणं झाल्यावर पुतण्यानं तेच गाणं वाजवून दाखवलं. "बसलं काका," म्हणाला. छानच वाटलं. पण दिवसभर तोच सूर कानात घोळत होता, म्हणून एक जागा मला खटकली. मूळ गाण्यात धृपदाकडे परतताना बास एक लहानसा सूर मध्ये घेऊन मग समेवर उतरतो. पायरीवर पाऊल टेकवून खाली यावं तसा. हा मात्र ती पायरी चुकवून सरळ खाली उडी मारत होता. मी तसं म्हटलं. तो पटकन म्हणाला, "तिथं मी माझ्या पद्धतीनं वाजवतो." मी म्हटलं, "बरं. एकदा त्यांच्या पद्धतीनंही वाजव." त्याला ते येईना. तो क्षणभर गप्प बसला. मग स्वतःच हसला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागला.

मला त्याचं फार कौतुक वाटलं. कारण ही सवय आपल्या सगळ्यांना असते. जे जमलं नाही, त्याला आपण 'माझी पद्धत' असं नाव देऊन टाकतो. आपल्याच संगीतात बघा. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. ते गावोगाव फिरले, गवयांच्या घरी बसले आणि ऐकलेल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून घेतल्या. त्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग झाले. एवढा खटाटोप कशासाठी? ज्यानं ती बंदिश बांधली, त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते हरवू नये म्हणून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकत. तीच मुलं मोठी होऊन मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली. सेबास्टियन डिसूझांसारखे संयोजक कागदावर लिहीत, आणि वादक तो कागद बघून वाजवत. त्या कागदावर 'जवळजवळ' असं काही नसे.

नेमकं शिकणं म्हणजे घोकंपट्टी, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते नीट ऐकणं आहे. दुसऱ्यानं हा सूर इथंच का ठेवला असेल, याचा विचार करायला आपण तेवढा वेळ थांबतो. एका लहानशा सुरासाठी थांबतो. हा त्या न पाहिलेल्या माणसाचा मान आहे.

घरात आपण किती निरोप 'जवळजवळ' पोचवतो! आई म्हणालेली असते, "सवड झाली तर ये म्हणावं." आपण भावाला सांगतो, "आईनं बोलावलंय." शब्द चारच बदलले, पण आईचा तो हलकेपणा वाटेत सांडला. भाऊ कपाळाला आठ्या घालून येतो आणि आईला कळत नाही का ते. आज एक निरोप, एकच, जसाच्या तसा पोचवू या. ज्या शब्दांत दिला, त्याच शब्दांत. आणि जमलं तर त्याच आवाजात.

बुधवार : साचा आणि आखणी

आमच्या पेणमध्ये गणपती भाद्रपदात येत नाही, तो बाराही महिने असतो. गावात आणि हमरापूर-जोह्याच्या बाजूला घराघरांतून मूर्तींचे कारखाने आहेत. सकाळी स्टेशनवर जाताना वाटेत एक लागतो. आज गाडीला वेळ होता म्हणून दारात उभा राहिलो. एक मुलगा मळलेली शाडूची माती साच्यात भरत होता. नुसती भरत नव्हता, अंगठ्यानं दाबत होता. मुकुटाच्या टोकात, कानाच्या कडेत, बोटांच्या मधल्या फटीत. मी विचारलं तर म्हणाला, "कोपऱ्यात माती गेली नाही तर मूर्ती निघते, पण नाक-बोटं साच्यातच राहतात."

आत एक वयस्कर कारागीर आखणी करत होते. आखणी म्हणजे डोळे रेखाटणं. पेणच्या मूर्तींची ही खरी ओळख. त्यांनी ब्रश उचलला, श्वास रोखला, भुवईची एक रेघ ओढली आणि मगच श्वास सोडला. शेजारी त्याच साच्यातल्या दहा-बारा मूर्ती ओळीनं वाळत होत्या. डोळे नव्हते तोवर त्या सगळ्या एक होत्या. डोळे उघडले आणि प्रत्येक गणपती निराळा झाला. एक जरासा हसरा, एक आईसारखा बघणारा. साचा एकच असून कुणी कुणाची नक्कल नव्हता.

गाडीत बसल्यावर मी हे पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझा तो सूर अजून कोपऱ्यातच अडकलाय." खरंच होतं. आपलेपणा सगळीकडेच ओतायची घाई करायची नसते. साच्याच्या जागी साचा नीट भरावा. मग आखणीची जागा आपोआप मोकळी मिळते. ज्या मूर्तीचं नाकच साच्यात राहिलं, तिला डोळे कितीही सुंदर काढले तरी काय उपयोग?

माझ्या कचेरीतही मला आज हे दोन्ही दिसलं. अर्जावरची तारीख, नाव, नंबर हा साचा. तिथं माझी पद्धत चालत नाही आणि चालू नये. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर म्हाताऱ्या माणसाला दोन फेऱ्या पडतात. पण खिडकीशी आलेल्या आजोबांना "बसा आजोबा, आधी पाणी प्या" म्हणणं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. ती माझी आखणी. तुमच्या आजच्या कामातही साचा कुठे आणि आखणी कुठे, हे निघताना एकदा बघून घ्या. साचा मन लावून भरा. आणि आखणीची एक तरी रेघ स्वतःच्या हातानं ओढा.

गुरुवार : कित्ता

काल रात्री पुतण्याला ती पायरी सापडली. सूर बरोबर, जागा बरोबर. तरी तो खट्टू होता. म्हणाला, "काका, आता सगळं त्यांच्यासारखं झालं. यात माझं काय राहिलं?" मी कपाटातून एक जुनी वही काढली. माझ्या शाळेतल्या कित्त्याची. वर छापलेली ओळ, खाली गिरवायच्या रेघा. आम्ही चाळीस मुलं एकच ओळ गिरवत होतो, तीच वळणं, तेच काने, त्याच मात्रा. गुरुजी एकेका वेलांटीसाठी पान पुन्हा लिहायला लावत. आपण सगळे एकसारखं लिहावं म्हणून तर तो खटाटोप. आणि आज? पाकिटावरचं अक्षर बघून मी सांगू शकतो की हे पत्र माझ्या बहिणीचं आहे.

आपलं वळण कधी आलं, हे कुणालाच सांगता येत नाही. ते ठरवून आणलेलं नसतं. गिरवता गिरवता हातातून झिरपलेलं असतं. हाताची ठेवण, बोटांची लांबी, मनाची घाई किंवा संथपणा, सगळं त्यात उतरतं. ते थांबवायचं म्हटलं तरी थांबत नाही.

बास गिटारची गोष्टही अशीच आहे. आधी उभ्या मोठ्या डबल बासवर हे सूर वाजवत. त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर हललं तरी सूर हलतो. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी पडदे असलेली विजेची बास गिटार बाजारात आणली. सूर नेमका लागावा म्हणून पडदे, आणि म्हणून तिचं नावच ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. पुढे डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या गाण्यांसाठी जेम्स जेमर्सन हेच वाद्य वाजवत. ते आधी डबल बास वाजवणारे. तिथली सवय त्यांनी इथंही ठेवली आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तर्जनीनं, तारा छेडल्या. अचूकतेचं नाव मिरवणारं ते वाद्य. पण त्यांचं बोट ऐकू आलं की जाणकार लगेच ओळखतात, हे जेमर्सन. बरीच वर्षं तबकड्यांवर त्यांचं नाव छापलं जात नसे. १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते आलं. बोटाची सही मात्र त्याआधीच सगळ्या गाण्यांवर होती.

तेव्हा आपलं वेगळेपण हरवेल, ही भीती नको. सासूबाईंच्या मापानं केलेली आमटी सुनेच्या हातची वेगळीच लागते. आईनं शिकवलेली ओवी मुलीच्या गळ्यात निराळी होते. आज कुणाकडून काही शिकायची वेळ आली, तर निर्धास्त शिका. अगदी त्यांच्यासारखं करून बघा. तुमचा हात तुमचाच आहे, तो कुठे जात नाही.

शुक्रवार : मोकळी जागा

काल गुरुवार, देवळात भजन होतं. तबल्याला मी. मी लहानपणी तीनताल शिकलो तेव्हा गुरुजींनी सहा महिने दुसरं काही वाजवू दिलं नव्हतं. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मग तिसरा भाग येतो आणि तिथं धिंचं तिं होतं. डाव्या हाताचा डग्गा मुका होतो. त्याला 'खाली' म्हणतात, 'काल' असंही म्हणतात. मला तेव्हा वाटायचं, इथं डग्गा रिकामा का ठेवायचा? काहीतरी भरून टाकू. गुरुजी म्हणायचे, "तो मुका झाला म्हणूनच गाणाऱ्याला कळतं, आपण कुठं आलोय ते."

काल मला ते पुन्हा नव्यानं कळलं. बुवा अभंगात रंगले होते. त्यांनी लांब आलाप घेतला आणि मला हुक्की आली. मी ठेका सोडून एक तुकडा वाजवला. हात छान चालला. दोन माणसांनी माना डोलावल्या. पण बुवांची सम चुकली. त्यांनी ओळ पुन्हा उचलली, सावरून घेतलं, कुणाला कळलंही नाही. भजन संपल्यावर पेटी मिटताना ते हळूच म्हणाले, "वाजवलंस छान. पण मी जरा हरवलो रे." यापेक्षा हळुवार बोलणं मी ऐकलं नाही. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

उस्ताद अहमदजान थिरकवा हे स्वतंत्र तबलावादनातलं केवढं मोठं नाव! ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते. ज्यांच्या नुसत्या वादनाला मैफली भरत, ते गाणाऱ्याच्या पदाला ठेका देत बसत. जाणकार त्या साध्या ठेक्याचंच कौतुक सांगतात. ठेका त्यांना येत होताच, पण तो कुणासाठी धरायचा, हेही त्यांना ठाऊक होतं. माझ्या हातून काल हेच निसटलं. मी बोल बरोबर वाजवले, पण बुवांना ऐकलं नाही.

खाली राहून आधार देणाऱ्यानं अचूक का असावं, याचं उत्तर मला काल मिळालं. त्याच्यावर कुणीतरी पाऊल ठेवून उभं असतं. आपण सांगितलेल्या वेळेला पोचतो, तेव्हा कुणाची तरी सम साधते. आपण रोजच्या जागी किल्ली ठेवतो, तेव्हा मागून येणारा हरवत नाही. आज आपल्या भरवशावर कोण उभं आहे, ते एकदा आठवू या. त्या माणसासाठी आजचा ठेका साधा ठेवू या. आणि एखादी जागा, आपल्याला भरून टाकावीशी वाटली तरी, त्याच्यासाठी मोकळी ठेवू या.

शनिवार : चालीप्रमाणे ढोल

आज रोह्याला उतरून धावीर महाराजांच्या देवळावरून गेलो. देऊळ शांत होतं. पण मला दसऱ्याच्या सुमाराची पालखी आठवली. त्या दिवशी कुंडलिकेकाठचं हे गाव जागचं हललेलं असतं. देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. इंग्रजांच्या अमलापासून चालत आलेली ही रीत. रांग सरळ, टाचा एकत्र, हुकूम झाला की सगळ्यांचे हात एका क्षणी हलतात. तिथं कुणी स्वतःच्या पद्धतीनं मानवंदना देत नाही. दिली तर ती मानवंदना राहणार नाही. सगळ्यांनी मिळून एक होण्यातच तिचा भाव आहे.

आणि त्याच पालखीपुढे आपला खालूबाजा असतो. सनई, ढोल, टिमकी. एका वर्षी मी ढोलवाल्याच्या अगदी जवळून चालत होतो. बराच वेळ एकच चाल वाजत होती. गल्लीचं एक अरुंद वळण आलं. पालखी खांद्यावर घेतलेल्यांची पावलं मंदावली. ढोलवाल्यानं मागं वळून पाहिलंही नाही, पण त्याचा ढोल मंदावला. दोन घावांमध्ये जरा जास्त जागा आली. वळण सरलं, पावलं मोकळी झाली, तसा ढोलही मोकळा झाला. चाल तीच होती. तिच्यातला एकही घाव त्यानं सोडला नव्हता. पण तो ढोल त्या दिवसाचा, त्या गल्लीचा आणि त्या खांद्यांचा होता.

गाडीत परतताना मी पुतण्याला विचारलं, "त्याला वळण कळलं कसं?" तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "चाल हातात मुरलेली असणार. हाताकडे लक्ष द्यायला लागत नसेल, म्हणून कान मागं ठेवता आले." मला हे फार पटलं. आठवडाभर तो एकच सूर गिरवतोय, त्याचं फळ हेच. नेमकं शिकल्यानं हात मोकळा होतो. आणि मोकळ्या हाताला दुसऱ्याकडे बघायला सवड मिळते.

स्वयंपाक हातात मुरलेली बाई फोडणी देता देता मुलाचा चेहरा वाचते. "आज शाळेत काही झालं का रे?" असं ती पाठमोरीच विचारते. ज्याला अजून मिठाचा अंदाज नाही, त्याचं सगळं लक्ष पातेल्यातच अडकतं. आज आपल्याला पुरतं येणारं एखादं काम करताना कान जरा मागं ठेवू या. आपल्यामागून कुणाची पावलं येतायत, ती भरभर आहेत की थकलेली, ते ऐकू या. आणि आपला ढोल तेवढा जुळवून घेऊ या.

रविवार : हळद

आज हळद होती. मांडवात आधी धवलारीण आजी बसल्या. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. वाद्य नाही, पुस्तक नाही. आपल्या आधीच्या धवलारणीच्या मांडीशी बसून ऐकलेलं, आणि तसंच्या तसं जपलेलं. चाल तीच, क्रम तोच. पण गाता गाता त्यात या घरातली नावं आली. नवरीचं, तिच्या आईचं, आज मांडवात नसलेल्या आजोबांचंही. ते नाव आलं आणि नवरीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. एवढी जुनी चाल, पण आज ती याच घरासाठी बांधल्यासारखी वाटली.

मग बेंजो पार्टी सुरू झाली. पुतण्या मागच्या बाजूला, स्पीकरशेजारी. चार-पाच गाणी झाली आणि नवरीच्या आत्यानं माइक मागून घेतला. तिला आपलं ते जुनं गाणं म्हणायचं होतं, सोमवारी गाडीत ऐकलेलंच. आत्या साठीच्या पुढची. दम कमी, उत्साह मोठा. धृपदाकडे परतताना तिला मूळ गाण्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. मी कान टवकारले. आता ती जागा येणार होती, ती पायरी, जिच्यासाठी पोरानं आठवडा घालवला. पहिल्या खेपेला त्यानं ती अगदी तशी वाजवली. आत्या अजून श्वासच घेत होती. दुसऱ्या खेपेला त्यानं आत्याकडे बघितलं आणि तो सूर घेतलाच नाही. खालचा एकच स्वर धरून थांबला. आत्यानं सावकाश श्वास भरला, त्या सुरावर पाऊल ठेवलं आणि नीट समेवर आली. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता.

सोमवारी रात्रीही त्यानं हाच सूर गाळला होता. तेव्हा तो येत नव्हता म्हणून गाळला, आज आत्याला श्वास हवा होता म्हणून. कानाला दोन्ही सारखेच. मधे आठवडाभराचं ऐकणं होतं, एवढाच फरक. आधी त्यानं कधीच न भेटलेल्या वादकाला ऐकलं. मग समोरच्या आत्याला ऐकलं. नेमकं शिकणं आणि आपल्या पद्धतीनं वाजवणं, ही दोन टोकं आहेत असं मला वाटायचं. आज दिसलं की दोन्हींत एकच सवय आहे, ऐकायची. पहिल्या वेळी आपण गुरूला ऐकतो, दुसऱ्या वेळी सोबतच्याला. ऐकण्यात खंड पडला नाही, तर दोन्ही आपोआप साधतात.

रात्री उशिरा सामान आवरताना त्यानं विचारलं, "काका, माझा आवाज आला का हो मागं?" मी म्हटलं, "नाही रे, नाही आला. आत्याचं गाणं मात्र फार छान झालं." तो खूष झाला. गिटार पिशवीत ठेवली आणि हातभर पसरलेल्या वायरी गुंडाळायला लागला. उद्या पुन्हा सकाळची गाडी आहे. उद्या सकाळी घराबाहेर पडताना तुम्हीही एवढंच मनाशी ठेवा : जे हातात आहे ते आधी नीट ऐकायचं, मग ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकायचं. बाकीचं आपलं वळण आपसूक उमटतं.